स्कोअररला मुलगी नसते

"खेळायचं पोरीनं आणि फॉर्म भरायचा आईनं. उद्या चेंडूही हीच अडवेल."

जाळीपलीकडचा कारकून हे शेजारच्या टेबलाला म्हणाला, पण जाळी आणि माझा कान यांच्यात वीतभरही अंतर नव्हतं. मी मान वर केली नाही. 'खेळाचा प्रकार' या रकान्यात 'बेसबॉल' लिहिलं, 'खेळाडूची जागा' या रकान्यात 'शॉर्टस्टॉप' लिहिलं, आणि एकही अक्षर रेघेबाहेर जाऊ दिलं नाही.

मागून केतकी म्हणाली, "माझं अक्षर एवढं काही वाईट नाहीये."

"नाहीच आहे. माझं जास्त चांगलं आहे."

"सही तरी मी करू ना?"

सही तिला करू दिली.

कारकुनानं फॉर्म उलटसुलट करून पाहिला. चूक सापडली नाही याचं त्याला वाईट वाटलेलं दिसलं. "निवड झाली तर मूळ दाखला पाचच्या आत इथं पाहिजे. पाचला खिडकी बंद. आणि उद्या या असं म्हणायची सोय नाही, आज शेवटचा दिवस आहे."

चौदा वर्षं झाली या गोष्टीला, पण तो दाखला कुठल्या पिशवीत होता ते मला अजून आठवतं. फॉल-पिकोच्या साड्या देताना मी ज्या जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या वापरायचे, त्यातल्या एकीत. वर रबर. शाळा सोडल्याचा मूळ दाखला एकच असतो. तो ज्या कॉलेजच्या हातात द्याल, पोर त्यांची. आमच्या फलटणच्या कॉलेजात केतकीचं नाव यादीत लागलंच होतं, तिथं उद्या दुपारपर्यंत मुदत होती. पण तिथं बीएस्सीला केमिस्ट्री सोडून दुसरं काही नव्हतं, आणि मैदान होतं ते गॅदरिंगचा मांडव घालण्यापुरतं. केतकीला स्टॅटिस्टिक्स घ्यायचं होतं. पुण्याच्या या कॉलेजात ते होतं, बेसबॉलची मुलींची टीम होती, हॉस्टेल होतं. फक्त गुणांची यादी अठ्ठ्याऐंशीला बंद झाली होती आणि आमचे होते एकाहत्तर. त्यामुळे दार एकच. बेसबॉल खेळणाऱ्या मुलीसाठी खेळाडूंच्या कोट्यातली एक जागा.

त्या एका जागेसाठी सकाळी चौघी आल्या होत्या. धावण्यातच दोघी गळाल्या. उरल्या दोघी, आणि दोघी आमच्याच क्लबच्या. माझी केतकी आणि सायरा मुलाणी.

फॉर्म देऊन मैदानाकडे जाताना जिमखान्याच्या भिंतीवर वेळापत्रक लावलेलं होतं. केतकी त्याच्यासमोर थांबली.

"साडेपाच ते आठ मैदान. नऊ ते तीन वर्ग आणि प्रॅक्टिकल. चार ते सहा परत मैदान. स्टॅटिस्टिक्स कधी करायचं, झोपेत?"

"लोक करतात."

"कोण लोक?"

"ही वर नावं आहेत की फळ्यावर."

"त्याच्यावर पदकं लिहिलीत. निकाल कुठं लिहिलेत?"

"तुला यायचंय की नाही इथं?"

"यायचंय," ती म्हणाली. "म्हणूनच." आणि पुढं काही बोलायच्या आत आम्ही मैदानाच्या फाटकातून आत गेलो.

फाटकाच्या आत मी तिची आई नसायचे. हा नियम माझाच. मी पहिल्यांदा स्कोअरची वही हातात घेतली त्या दिवशी तिला सांगितलं होतं, "स्कोअररला मुलगी नसते. सगळ्या पोरी काकू म्हणतात, तूही काकूच म्हणायचं." पोरगी शब्दाची इतकी पक्की की एकदा घसरून गुडघा फुटला, रक्त पार मोज्यापर्यंत आलं, तर "शैलाकाकू, पाणी" म्हणाली. मला तेव्हा त्याचा अभिमानच वाटला होता. कशाकशाचा अभिमान वाटतो माणसाला.

मी काही खेळाडू नव्हे. दहावी, तीही गणितात एकदा आपटून. केतकीला सोडायला मैदानावर जायचे आणि ती खेळून होईपर्यंत दगडावर बसून साड्यांना फॉल लावायचे. एकदा सामन्याला स्कोअरर आला नाही, तेव्हा हिंगमिरे सरांनी, म्हणजे केतकीच्या शाळेतल्या खेळाच्या आणि आमचा क्लब चालवणाऱ्या सरांनी, माझ्यासमोर वही धरली. "ताई, तुमचा टाका सरळ असतो. हे जमेल तुम्हाला." इंग्रजी नियमांची झेरॉक्स दिली. दीड वर्ष मी त्या झेरॉक्सवर पेन्सिलीनं अर्थ लिहीत होते. मग एक दिवस कळलं की मला जिल्ह्यात सगळे विचारायला यायला लागलेत. साडीच्या काठापलीकडे कुणी माझा निर्णय विचारल्याची ती पहिलीच वेळ.

त्यातला एक निर्णय असा असतो, की तो पंचही घेत नाही. चेंडू जमिनीवरून येतो, अडवणारीच्या हातून सुटतो, आणि मारणारी पोरगी बेसवर सुखरूप पोचते. आता हे मारणारीचं कसब, की अडवणारीची चूक? कसब असेल तर हिट. चूक असेल तर एरर, आणि ती जिच्या हातून झाली तिच्या नंबराखाली. शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभी राहून चेंडू अडवणारी, तिचा नंबर सहा, म्हणून ई-सहा. हे कोण ठरवणार, तर स्कोअरर. ती वहीत जे लिहील ते झालं.

दुपारी टिनाच्या शेडखाली आम्ही डबे उघडले तेव्हा सायराचे वडील समोर बसले होते. दस्तगीरभाऊ फलटणला सायकलचं दुकान चालवायचे. त्यांच्याही मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यातही दाखला. पहाटे एकाच एसटीनं आलो होतो, त्यांनी माझ्यासाठी खिडकीची जागा धरली होती.

"ताई, खाऊन घ्या दोन घास. पोरींपेक्षा तुमचंच तोंड उतरलंय."

"तुम्ही काळजी करत नाही वाटतं?"

"करून काय व्हायचंय." त्यांनी खर्डा माझ्याकडे सरकवला. "एक विचारू का? राग मानू नका. वहीत सायराच्या नावावर नऊ चुका हायत म्हणं. सर म्हणले. नऊ झाल्यात?"

"चार वर्षांत नऊ म्हणजे काही जास्त नाहीत, भाऊ."

"आणि केतकीच्या?"

मी खर्डा भाकरीला लावला. "एकही नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "तुम्ही लिवलंय म्हणल्यावर खरंच असणार." आणि पाण्याची बाटली माझ्याकडे दिली. त्यांच्या बोलण्यात टोमणा शोधला मी. सापडला असता तर बरं झालं असतं.

शेडच्या टोकाला दोघी पोरी एकाच पिशवीतले शेंगदाणे खात बसल्या होत्या. सायरा काहीतरी सांगत होती आणि केतकी हसत नव्हती.

दोन वाजता कॉलेजचे परांडेकर सर आले. उंच, उन्हानं रापलेले, बोलणं मोजकं. त्यांच्या हातात आमच्या क्लबच्या चारही वर्षांच्या वह्या होत्या, हिंगमिरे सरांनी अर्जासोबत धाडलेल्या.

"या वह्या कोण लिहितं?"

"या आमच्या शैलाताई," हिंगमिरे सर पुढं झाले. "जिल्ह्यात एवढं चोख कुणी लिहीत नाही."

परांडेकर सर माझ्याकडे वळले. "अक्षर सुरेख आहे. आज माझा स्कोअरर आलेला नाही. सहा डावांची मॅच खेळवतोय, माझ्या मुली आणि तुमच्या दोघी. लिहाल?"

मी हिंगमिरे सरांकडे पाहिलं. त्यांनी नजर मैदानाकडे नेली. सकाळी एसटी स्टँडवरच ते मला म्हणाले होते, "तिथं नातंबितं सांगत बसू नका, ताई. उगाच फाटे फुटतात." तेव्हा मला ते पटलं होतं. आताही 'नाही' म्हणायला एक शब्द पुरला असता. मी पिशवीतून पेन्सिल काढली.

सायरा आधी शॉर्टस्टॉपला उभी राहिली, तीन डाव. तिच्याकडे सहा चेंडू आले. एक तर असा होता की मी असते तर पळून गेले असते. सहाही तिनं घेतले आणि पहिल्या बेसला छातीच्या उंचीवर फेकले. मी सहाही लिहिले.

मग जागा बदलल्या. सायरा शेजारी तिसऱ्या बेसला गेली, केतकी शॉर्टस्टॉपला आली. एक चेंडू, साफ. दुसरा, साफ. पाचापर्यंत सगळे साफ. माझ्या पायाशी ठेवलेल्या पिशवीत मोबाइल वाजला, थांबला, परत वाजला. केतकीचे बाबा असणार, डेअरीतून. त्यांना एकच विचारायचं होतं, दाखला दिला का.

सहावा डाव. दुसऱ्या बेसवर त्यांची एक मुलगी उभी होती. मारणारीनं चेंडू जमिनीलगत मारला, केतकीच्या थेट अंगावर. त्याच क्षणी दुसऱ्या बेसवरची मुलगी तिसऱ्याकडे पळत सुटली आणि केतकीच्या समोरून आडवी गेली. धूळ उडाली. ती मुलगी पुढं गेल्यावर दिसलं ते एवढंच, की चेंडू केतकीच्या पायाशी पडलाय आणि ती तो उचलतेय. फेकला, पण उशीर झाला होता.

परांडेकर सर पिचरच्या समोर, कॅचरच्या मागं पंच म्हणून उभे होते. त्यांच्या आणि केतकीच्या मधून पळणारी गेली होती. त्यांना दिसलं नव्हतं. मी बाजूच्या खुर्चीवर होते. मला दिसलं होतं. चेंडू सरळ आला, घरातल्या फरशीवर यावा तसा. ग्लोव्हच्या मनगटाकडच्या भागावर आदळला आणि बाहेर पडला. असला चेंडू ती अंगणात अर्धवट झोपेत अडवते.

वहीतला चौकोन रिकामा होता. करंगळीच्या नखाएवढा चौकोन.

चार वर्षांत हे मी किती वेळा केलं ते मोजलेलं नाही. पहिल्यांदा खरंच शंका होती, जमीन ओबडधोबड होती. दुसऱ्यांदा शंका थोडी कमी होती. नंतर शंका मी सोबतच घेऊन जायला लागले, पेन्सिलीसारखी. ऊन डोळ्यावर होतं. चेंडूला फिरकी होती. मारणारीनं फटका जोरात मारला होता. समोरच्या टीमच्या पोरींना तर आनंदच, त्यांच्या नावावर फुकटचे हिट जमा व्हायचे. परक्या पोरींना मी वाटत सुटले होते, आपल्या पोरीसाठी. आणि सायराच्या वेळी मात्र ऊन कधीच डोळ्यावर नसायचं. तिथं मी चोख. हिंगमिरे सर संध्याकाळी वही चाळायचे, एखाद्या चौकोनावर त्यांचं बोट थांबायचं, आणि मग ते पान उलटायचे. घरी केतकी माझ्या हातातून वही घेऊन स्वतःच्या धावांची सरासरी काढायची. अडवण्याचं पान तिनं कधी उघडलं नाही. मला वाटायचं, तिला आकड्यांत तेवढाच रस असेल.

मी चौकोनात हिटची रेघ ओढली. बारीक, सरळ.

मॅच संपली तेव्हा साडेचार झाले होते. परांडेकर सरांनी आम्हा सगळ्यांना शेडखाली बोलावलं. वही त्यांनी बाकावर उघडी ठेवली. पोरी घामानं निथळत होत्या, दोघींच्या हातांत अजून ग्लोव्ह होते.

"बॅटिंग दोघींची सारखी," ते म्हणाले. "धावण्यातला फरक मी धरत नाही. शॉर्टस्टॉपला मला हात पाहिजेत. जुन्या वह्यांत सायराच्या नऊ एरर आहेत आणि केतकीची एकही नाही. चार वर्षांत एकही नाही, असं मी कुठं पाहिलेलं नाही. म्हणून म्हटलं, आधी आजचं बघू. आज सायराचे सहापैकी सहा. केतकीचे पाच, आणि हा एक."

त्यांनी चौकोनावर बोट ठेवलं.

"इथं हिट लिहिलंय. हा हिट असेल तर आज दोघी बरोबरीत, मग मला जुन्या वह्या धराव्या लागतील, आणि जागा केतकीची. एरर असेल तर सायराची. मला रनर आडवी आली. तुम्ही सगळे बाजूला होतात. काय झालं?"

वाऱ्यानं वहीचं पान उचललं, त्यांनी ते तळव्यानं दाबलं.

"स्कोअररचा निर्णय शेवटचा, सर," हिंगमिरे सर म्हणाले. "नियमच आहे तसा."

"नियम मला माहितीये. मी काय झालं ते विचारतोय."

हिंगमिरे सरांनी शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळली. "मैदान नवीन आहे पोरींना."

"सायरा, तू शेजारीच होतीस."

सायरानं केतकीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. शेंगदाण्याची पुडी तिच्या खिशातून अर्धी बाहेर आली होती. "माझं लक्ष रनरकडं होतं, सर. ती माझ्याकडंच येत होती."

"काहीच दिसलं नाही?"

"नाही, सर."

तिला दिसलं होतं. चेंडू पडला तेव्हा तीच ओरडली होती, 'पायाशी, केतकी, पायाशी.'

परांडेकर सरांनी दस्तगीरभाऊंकडे पाहिलं. भाऊ उठून उभे राहिले, वर्गात नाव पुकारल्यासारखे. "मला खेळातलं काय कळत न्हाई, साहेब. ताई लिवतात ते..." वाक्य पुरं झालं नाही. त्यांनी दाखल्याची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग सर माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा. हिट का दिलात?"

माझ्या पिशवीत मोबाइल पुन्हा वाजायला लागला. ऑफिसच्या भिंतीवरचं घड्याळ इथून दिसत होतं. पाचला वीस कमी.

"उसळी होती," मी म्हणाले. "शेवटच्या टप्प्याला. चेंडू एकदम वर आला."

"किती?"

"एवढा." मी हातानं दाखवलं. वीतभर.

"म्हणजे कुणालाही अडवता आला नसता."

"नसता."

परांडेकर सर माझ्या हाताकडे बघत राहिले. मी हात खाली घेतला. त्यांनी खिशातून पेन काढलं, निवडीच्या कागदावर टोपण उघडून टेकवलं, आणि तरी लिहिलं नाही. "ठीक आहे," ते हळू म्हणाले. "स्कोअररचा निर्णय. कुणाला काही म्हणायचंय?"

हिंगमिरे सर मैदानाकडे बघत होते, सायरा बुटांकडे, भाऊ पिशवीकडे. मी रबराखालच्या दाखल्यावर बोटं ठेवली होती. ऑफिसपर्यंत चालत तीन मिनिटं, धावत एक.

केतकीनं ग्लोव्ह काढला. तळवा लाल झाला होता, मनगटाजवळ. तिनं तो दुसऱ्या हातानं एकदा चोळला, बाकापाशी आली, वहीशेजारी पडलेली पेन्सिल उचलली आणि माझ्यापुढं धरली. भाजीत मीठ कमी आहे हे घरात ज्या आवाजात सांगते, त्याच आवाजात, सगळ्यांदेखत, फाटकाच्या आत, ती म्हणाली,

"आई, ई-सहा लिही."